शहाण्णव बुचं

लॉनवर रंगाचा एक थेंबही पडू नये, एवढ्याच हेतूने सरांनी ते काळं प्लास्टिक अंथरलं होतं. हेतू चांगला होता, हे पुढे त्यांनी बायकोला निदान तीस वेळा सांगितलं. बायकोने एकतिसाव्यांदा "हो, कळलं" म्हटलं, तेव्हाच ते थांबले.

सर म्हणजे शाळेत भूमिती शिकवणारे सर. घर मात्र त्यांच्या सासऱ्यांचं. सासऱ्यांना घरात आणि गल्लीत सगळे बाबा म्हणत. बाबांनी बत्तीस वर्षं एका क्रिकेटच्या मैदानावर हिरवळ सांभाळली होती. निवृत्तीच्या दिवशी मैदानवाल्यांनी त्यांना घड्याळ द्यायचं ठरवलं, तर बाबा म्हणाले, "घड्याळ राहू द्या, चार टोपल्या गवत द्या." ते गवत त्यांनी घरापुढच्या चाळीस बाय तीस फुटांच्या जागेत लावलं आणि तेव्हापासून घरातली माणसं त्या जागेच्या कडेकडेने राहू लागली. लॉनवर चपला घालून जायचं नाही. खुर्ची ठेवायची नाही. पाहुण्यांनी कौतुक करायचं, पण कडेला उभं राहून. जावयाला पहिल्या वर्षी नुसतं बघायची परवानगी होती, दुसऱ्या वर्षी पाणी घालायची मिळाली, आणि पुढची नऊ वर्षं बढती तिथेच अडकून पडली होती.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. ते सात-आठ वर्षं पिकत होते आणि बाबा सात-आठ वर्षं शस्त्रक्रियेला नाही म्हणत होते. "मला हिरवं दिसतंय ना? मग झालं," हे त्यांचं उत्तर. शेवटी एक दिवस त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या कोटाला थांबून "काय, कसं काय?" विचारलं, आणि कोटाने उत्तर दिलं नाही म्हणून रागावून घरात आले. त्या संध्याकाळी ते तयार झाले. मोठी मुलगी दुसऱ्या शहरात राहायची, तिच्या घराजवळ चांगला डोळ्यांचा दवाखाना होता. आधी एक डोळा, तीन आठवड्यांनी दुसरा, मग थोडी विश्रांती, असा दीड महिन्याचा मुक्काम ठरला.

निघताना बाबांनी सूचना दिल्या. "पाणी सकाळी. पाय अनवाणी. बाकी काही करू नका." गाडीत बसल्यावर काच खाली करून त्यांनी जावयाकडे, म्हणजे जावयाच्या अंदाजे दिशेला पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "काहीही."

पण सरांना काहीतरी करायचंच होतं. बाबांच्या पलंगाशेजारचं टेबल जुनं, काळपट. नव्या डोळ्यांना सकाळी उठल्याउठल्या काही झकास दिसावं म्हणून ते निळं रंगवायचं त्यांनी ठरवलं. घरात वास नको म्हणून टेबल बाहेर आलं, लॉन खराब नको म्हणून खाली प्लास्टिक आलं. सरांनी वाकून वाकून दोन हात दिले, आणि दुसऱ्या हातानंतर सरळ व्हायला गेले ते झालेच नाहीत. कंबर धरली. बायकोने त्यांना पकडून पलंगावर नेलं. चार दिवस ते छताकडे बघत पडून होते, आणि चार दिवस बाहेर ऊन असं तापलं होतं की काळ्या प्लास्टिकवर कोणी पाणी ठेवलं असतं तर चहा झाला असता.

पाचव्या दिवशी सरांनी टेबल आत आणलं आणि प्लास्टिक उचललं.

खालचं गवत हिरवं नव्हतं. पिवळंही नव्हतं. जुन्या झाडूचा असतो तसा त्याला रंग होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अगदी मधोमध.

"अगं, जरा बाहेर ये," सरांनी हाक मारली. आवाज बारीक झाला होता.

बायको गेली वीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती. ती आली, खाली बसली, दोन बोटांत गवताचं पातं धरून ओढलं. ते सहज हातात आलं.

"गेलं," ती म्हणाली.

"अगं, थोडी धुगधुगी असेल. पाणी घालू या."

"अहो, मी वॉर्डात काम करते. गेलेलं मला कळतं. बाबांना फोन करून सांगून टाका."

"उद्या त्यांची शस्त्रक्रिया आहे!"

"मग परवा सांगा."

"परवा डोळ्याला पट्टी असणार. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही त्यांना सांगणारच नाही आहात ना?"

"सांगायची गरजच पडणार नाही," सर म्हणाले. "दीड महिना आहे."

नर्सरीवाल्या काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या लगेच गवताच्या गुंडाळ्या दाखवायला निघाल्या. सरांनी खिशातून रुमालात बांधलेलं गवताचं पातं काढलं. काकूंनी चष्मा लावला, काढला. "हे मिळत नाही. माझ्या गुंडाळ्या लावल्यात तर मधोमध ठिगळ दिसेल. आंधळ्यालाही दिसेल."

"आंधळे नाहीत ते आता. तोच तर घोटाळा आहे."

"मग बुचं लावा."

"बुचं?"

"गवताची बुचं हो. दोन इंची पाइप घ्यायचा, चांगल्या लॉनमध्ये गोल फिरवत दाबायचा, मुळं आणि मातीसकट तुकडा वर येतो. तो मेलेल्या जागी खड्डा करून बसवायचा. दोन बुचांत सहा इंच अंतर ठेवा, ते आपोआप पसरून एकमेकांना भेटतं. आणि पाणी. सुरुवातीला माती सुकू द्यायची नाही."

"आणि बुचं काढायची कुठून?"

"तुमच्याच लॉनच्या कडेकडेने. तिथे कोण बघतंय?"

सरांचा चेहरा उजळला. या संबंध प्रकरणात पहिल्यांदाच त्यांच्या विषयातलं काहीतरी आलं होतं. घरी जाऊन त्यांनी आलेखाच्या कागदावर आकृती काढली. सहा बाय चार म्हणजे चोवीस चौरस फूट, दर फुटाला चार बुचं, एकूण शहाण्णव. ओळी एकाआड एक सरकवलेल्या. शनिवारी पहाटे ते कंबरेला पट्टा बांधून कामाला लागले. पाइप गोल फिरवून दाबायचा, वर ओढायचा. बूच पाइपात अडकून बसायचं. ते मागून ढकलायला काहीतरी लांबट, गोल हवं होतं, म्हणून स्वयंपाकघरातून लाटणं आलं. लाटणं दिसत नाही म्हणून बायको शोधायला बाहेर आली तेव्हा त्याची एक बाजू मातीची झाली होती. तिने दुसरं लाटणं आणलं आणि पहिलं कायमचं बागेत गेलं.

दुपारपर्यंत शहाण्णव बुचं लागली. गादीला टाके घालतात तशा सरळ, तिरक्या, नेमक्या ओळी. सरांनी दोरी लावून तपासल्या. एक बूच अर्धा इंच बाहेर होतं, ते उपटून पुन्हा लावलं.

"छान दिसतंय," बायको म्हणाली. "कडेला शहाण्णव भोकंही छान दिसतायत."

"त्यात माती भरू. ती आपोआप बुजतात."

रविवारी सकाळी सर चहाचा कप घेऊन बाहेर आले तर लॉनवर कावळ्यांची सभा भरली होती. ताज्या उकरलेल्या मातीत किडे सापडतात हे कावळ्यांना माहीत होतं, सरांना नव्हतं. कावळ्यांनी एकेक बूच चोचीत धरून बाहेर काढलं होतं, खाली काय आहे ते बघितलं होतं आणि बाजूला टाकलं होतं. तेही ओळीने. सर धावले. कावळे कुंपणावर जाऊन बसले आणि सर आत जायची वाट बघू लागले. बुचं गोळा करून सरांनी ती संध्याकाळपर्यंत तीन वेळा पुन्हा लावली. सोमवारी शाळेतून परत येईपर्यंत उघडी मुळं उन्हात सुकून कुरकुरीत झाली होती.

आता मधोमध मेलेला चौकोन होता, कडेला शहाण्णव भोकं होती आणि हातात एकही बूच नव्हतं.

"अजून शहाण्णव काढली तर लॉनची चाळणी होईल," बायको म्हणाली.

सर कुंपणापलीकडे बघत होते.

कुंपणापलीकडे गार्डसाहेब राहत. मालगाडीचे निवृत्त गार्ड. चाळीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढल्यामुळे कुठल्याही गोष्टीची बातमी त्यांना सगळ्यांच्या नंतर कळायची, आणि ते दुःख त्यांच्या बोलण्यात कायम असे. त्यांच्याही घरापुढे लॉन होतं. बाबांच्या मानाने लहान, वाढलेलं, कडा वेड्यावाकड्या. बाबा त्याला लॉन म्हणतच नसत, 'गार्डांचं कुरण' म्हणत. पण बायकोने एकदा सांगितलं होतं की त्या मैदानाच्या चार टोपल्यांतली अर्धी टोपली बाबांनी तेव्हा गार्डसाहेबांना दिली होती. म्हणजे गवत तेच.

गार्डसाहेब रोज सकाळी सहाला फिरायला निघत आणि पावणेसातला परत येत. यात मिनिटाचा फरक पडत नसे.

"मागून घ्या की," बायको म्हणाली.

"मागितलं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं तर ते तुझ्या बाबांना सांगतील. त्यांना बाबांच्या आधी कळलेली ही आयुष्यातली पहिली बातमी असेल. ती पोटात राहील का?"

"मग चोरणार?"

"रोज सात-आठच. वाढलेल्या भागातून. विरळ केलं तर गवताला चांगलंच असतं."

"हे काकूंनी सांगितलं?"

"हे मी सांगतोय."

पहिल्या दिवशी सरांनी आठ बुचं आणली. दुसऱ्या दिवशी नऊ. कावळ्यांसाठी वर जुनी मच्छरदाणी ताणली. तिसऱ्या दिवशी हात बसला होता. सर गुडघे-हातांवर रांगत गार्डसाहेबांच्या लॉनच्या मध्यापर्यंत गेले होते, बादलीत सात बुचं होती आणि आठवं पाइपात होतं, तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली.

सर ताडकन उठले. कंबरेने पुन्हा हिसका दिला. गार्डसाहेब फाटकाशी उभे होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात होता, नाडी तुटलेली. तोंडात शिट्टी होती. निवृत्तीच्या वेळी ती त्यांनी परत केली नव्हती.

"काय शोधताय सर?"

"कंपास," सर म्हणाले.

"माझ्या लॉनमध्ये?"

"कुंपणावरून उडाला."

"आणि तो पाइपने शोधतात?"

सरांनी पाइपाकडे पाहिलं. पाइपाच्या टोकातून गवत डोकावत होतं. दहावीच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना त्यांनी अशाच अवस्थेत उभं केलं होतं, आणि प्रत्येक वेळी "खरं सांग, काही करणार नाही" असं म्हटलं होतं. गार्डसाहेबांनीही तेच म्हटलं. सरांनी प्लास्टिकपासून कावळ्यांपर्यंत सगळं सांगितलं.

गार्डसाहेब खाली बसले. आधी सरांना वाटलं त्यांना वाईट वाटलं. मग लक्षात आलं की ते हसतायत. हसता हसता हातातला बूट खाली पडला.

"म्हणजे," डोळे पुसत ते म्हणाले, "बत्तीस वर्षं मैदान सांभाळलेल्या माणसाच्या लॉनचं काळीज माझ्या कुरणातून जाणार?"

"कृपा करून त्यांना सांगू नका."

"छे, छे! आत्ता कशाला? सर, तुम्ही चोरी करू नका. हवी तेवढी बुचं घ्या. चांगल्या भागातली घ्या. मी स्वतः काढून देतो. शहाण्णव ना? शंभर घ्या, चार कावळ्यांसाठी. फक्त एकच अट."

"कोणती?"

"सांगणार मी. तुम्ही नाही, वहिनी नाहीत. ते परत येतील, लॉनवर उभे राहतील, वा म्हणतील, आणि मग मी कुंपणावरून सांगेन. हळूच. फार काही नाही. दोन वाक्यं."

बायकोला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "बाबा लॉन जळलेलं सहन करतील हो. हे नाही करणार. ते महिनाभर जेवणार नाहीत, आणि नंतर तुम्हाला जेवू देणार नाहीत."

पण आता मागे फिरायला वाट नव्हती. गार्डसाहेब रोज स्वतः बादली भरून आणत आणि लावताना शेजारी उभे राहून सूचना देत. "अंतर जास्त झालं. दाबा, दाबा. एवढं नाजूक काय, गवत आहे ते." शहाण्णव बुचं लागली. मच्छरदाणीखाली ती तगली. आठवड्याने बुचांच्या कडेने नवे धुमारे जमिनीला चिकटून सरपटत निघाले. सर रोज पट्टीने मोजायचे. कडेची भोकं मातीने भरली होती, त्यांतूनही काहीबाही हिरवं उगवलं. सरांच्या दृष्टीने हिरवं ते लॉन.

पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया छान झाली. इतकी छान झाली की बाराव्या दिवशी बाबांनी मोठ्या मुलीचा मोबाइल हातात घेऊन व्हिडिओ कॉल लावला.

"लॉन दाखवा."

"बाबा, तुम्ही आराम करा ना," बायको म्हणाली.

"आराम डावा डोळा करतोय. उजव्याला दाखव."

सरांनी मोबाइल घेतला. मधे मच्छरदाणी होती, कडेला भोकं होती. दाखवण्यासारखा एकच कोपरा होता, जास्वंदीच्या कुंडीजवळचा, चटईएवढा. सरांनी तो दाखवला. मग गोल फिरल्यासारखं करून पुन्हा तोच दुसऱ्या बाजूने दाखवला. मग वाकून. मग उभं राहून.

"थांबा," बाबा म्हणाले. "ही कुंडी मघाशी आली होती."

"दुसरी आहे बाबा," बायको म्हणाली. "नवीन आणली. तशीच."

"मग पहिली दाखव."

सरांनी अर्धी प्रदक्षिणा करून पहिली दाखवली. इतक्यात कुंपणावरून गार्डसाहेबांचं डोकं पडद्यात शिरलं.

"नमस्कार बाबा! काय म्हणतोय डोळा? लॉन बघताय वाटतं? बघा, बघा. काय लॉन आहे तुमचं! मी तर रोज बघतो आणि मला अगदी आपलंच वाटतं!"

"याला काय झालंय?" बाबांनी विचारलं.

"वय झालं," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला. दुसऱ्याच दिवशी ती बाजारात जाऊन तशीच दुसरी कुंडी घेऊन आली.

दीड महिना संपला तेव्हा चौकोन भरला होता. बुचं बुचांना भेटली होती, टाके दिसेनासे झाले होते. बाबा येण्याच्या सकाळी सरांनी दोन वेळा पाणी घातलं आणि कात्रीने पातं न् पातं समान केलं. कुंपणापलीकडे गार्डसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून नऊ वाजल्यापासून उभे होते. त्यांनी तिथे दोन विटाही आणून ठेवल्या होत्या, वर चढून बोलायला.

गाडी थांबली. बाबा काळा चष्मा लावून उतरले. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू बारीक झालीस." जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही नाही." मग चपला काढल्या, चष्मा काढला आणि ते लॉनवर चालत गेले.

पाच-सहा पावलांवर ते थांबले. वाकले.

"हे काय आहे?"

"कुठे?" सरांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? सगळीकडे!" बाबांनी मूठभर उपटलं. "हा लव्हाळा आहे. हे तीन पानांचं, हेही तण. आणि ही काय पसरलीय? लॉन कुठाय माझं?"

"बाबा," बायको चाचरत म्हणाली, "हे असंच होतं."

"असंच म्हणजे कधीपासून?"

"सात-आठ वर्षं असेल."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

रोज सकाळी गवतावरून हात फिरवून "काय वाण आहे!" म्हणणाऱ्या माणसाला ते सांगायची घरात कुणाची छाती झाली नव्हती. सरांचा प्रश्न वेगळा होता. लॉन आणि तण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे त्यांना याच क्षणी समजत होतं.

बाबा रागाने पावलं टाकत निघाले आणि चौकोनाशी येऊन पुन्हा थांबले. या वेळी ते वाकले नाहीत, गुडघ्यांवर बसले. तळहात उलटा करून गवतावरून फिरवला. मातीत बोट घालून बघितलं.

कुंपणापलीकडे विटा वाजल्या. गार्डसाहेब वर चढले. त्यांनी घसा साफ केला. चेहऱ्यावर चाळीस वर्षांच्या नोकरीत कधी न आलेलं हसू होतं.

"बाबा, त्या तुकड्याबद्दल मला दोन शब्द सांगायचेत."

बायकोने डोळे मिटले. सरांनी कंबर धरली.

बाबांनी वळून कुंपणाकडे पाहिलं. पुरतं, डोळे भरून. मग म्हणाले, "सांगा की. पण आधी मी यांच्याशी बोलतो. जावईबापू, ही बुचं लावलीत ना?"

"हो."

"नामी काम आहे. आता असं करायचं, सगळं लॉन उपटायचं आणि जिथून ही बुचं आणलीत तिथूनच आणून सगळीकडे लावायची. किती लागतील?"

कोणीही हिशेब विचारला की सरांच्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडत असे. "चाळीस बाय तीस म्हणजे बाराशे. त्याला चारने गुणलं. लागलेली शहाण्णव वजा. चार हजार सातशे चार."

"जिथून आणली तिथे तेवढी असतील?"

"तिथे? तेवढी..." सरांनी कुंपणापलीकडे नजर टाकली. "सगळं काढलं तर कदाचित."

"सगळं काढू. ज्यांच्याकडून आणलं ते माणूस दिलदार दिसतंय. नाही म्हणणार नाही. हं, गार्डसाहेब, तुम्ही काय सांगत होतात?"

गार्डसाहेबांनी मागे वळून स्वतःच्या लॉनकडे पाहिलं. हसू ओठांवर होतं तिथेच राहिलं होतं, पण त्यामागे आता कोणी नव्हतं. ते एका विटेवरून उतरले.

"मी? मी हेच म्हणत होतो. तुकडा छान आहे. नर्सरीतून आणला असेल."

"नर्सरीतून?"

"नर्सरीतूनच. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना. टेम्पो आला होता." ते दुसऱ्या विटेवरूनही उतरले. "लांबच्या नर्सरीचा होता. ती आता बंद झाली म्हणतात." आणि कुंपणावरचं डोकं नाहीसं झालं. पलीकडे दार लागल्याचा आवाज आला, मग कडी.

संध्याकाळी बाबा पायरीवर चहा घेत बसले होते. सर शेजारी येऊन बसले. आता सांगून टाकावं असं त्यांनी ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती.

"बाबा, तो तुकडा..."

"सहा बाय चार," बाबा म्हणाले. "चारही कोपरे काटकोनात. गवताला पुष्कळ रोग होतात हो जावईबापू, पण काटकोनात होणारा एकही मी बघितला नाही. काय अंथरलं होतंत?"

"प्लास्टिक."

"हं. आणि बुचं गार्डाची."

सरांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या मैदानाचं गवत मला कळणार नाही? माझ्याकडे उरलं नाही, त्याच्याकडे टिकलं. त्याने काही केलंच नाही ना, म्हणून टिकलं." बाबांनी चहाचा घोट घेतला. "पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला. विटांवर चढून असा दात काढून उभा होता. सात-आठ वर्षांनी पहिल्यांदा त्याचं तोंड स्पष्ट दिसलं मला. बघितल्याबरोबर कळलं काय सांगणार आहे ते."

"म्हणजे ते चार हजार सातशे चार... ते नुसतं त्यांना गप्प करायला?"

"मग काय! आता तो जन्मात त्या तुकड्याचं नाव काढणार नाही."

सरांनी दीड महिना छातीत धरून ठेवलेला श्वास सोडला. त्यांना हसू आलं. सासरेही हसले. अकरा वर्षांत दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसल्याची ही पहिलीच वेळ होती. आत बायकोने ते ऐकलं आणि ती काय पडलं ते बघायला बाहेर आली.

"बरं झालं बाबा," सर डोळे पुसत म्हणाले. "मला वाटलं खरंच सगळं लॉन उपटायचंय."

"उपटायचंच आहे," बाबा म्हणाले. "तण आहे ते."

"पण मग बुचं?"

"या तुकड्यातूनच काढायची. थोडी काढायची, लावायची, ती भरू द्यायची, मग त्यांतून पुढची. तुमचा हात चांगला आहे, ओळी तर मला मैदानावर कोणी अशा लावून दिल्या नव्हत्या. उद्या सकाळी सहाला सुरू करू. किती दिवस लागतील ते तेवढं मोजून सांगा, तुम्हाला येतं."

सरांनी डोळे मिटले. चोवीस चौरस फूट, एका वेळी काढता येतील तेवढी बुचं, भरायला लागणारे आठवडे, मधे उन्हाळा, कावळे आणि कंबर. ओठ पुटपुटत राहिले. बराच वेळ लागला.

"बाबा, माझ्या निवृत्तीपर्यंत," ते म्हणाले.

"उत्तम," बाबा म्हणाले. "मला वाटलं होतं जास्त लागेल."